पाण्याखालचा व्हिडिओ धूसर येतोय? नवा कॅमेरा घेण्याआधी हे तपासा

दिवाळीच्या सुट्टीपासून मे महिन्यापर्यंत एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. पाच-सात हजारांचा ॲक्शन कॅमेरा घेतला, मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर स्नॉर्केलिंग केलं, डोळ्यांना मासे छान दिसले, आणि घरी येऊन व्हिडिओ उघडला तर सगळं दुधाळ, मऊ, कडा हरवलेलं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, स्वस्तातला कॅमेरा आहे, असंच येणार. पुढच्या वर्षी दुप्पट पैसे टाकून नवा कॅमेरा येतो आणि व्हिडिओ तसाच धूसर राहतो.

स्वस्त कॅमेऱ्याला मर्यादा आहेत, त्या पुढे सांगतोच. पण त्या मर्यादेपर्यंत पोचण्याआधीच बहुतेकांचा व्हिडिओ बिघडलेला असतो, आणि त्याची कारणं घरी बसून, जवळपास फुकटात दूर करता येतात. त्यासाठी आधी धूसरपणा कुठल्या जातीचा आहे ते ओळखायला हवं, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

आधी मूळ फाइल बघा

मेमरी कार्डातली मूळ फाइल लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर पूर्ण पडद्यावर लावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओवरून कॅमेऱ्याची परीक्षा करू नका. तिथे पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो, आणि पाण्यातल्या दृश्याला त्याचा फटका जास्त बसतो, कारण तरंगणारे कण, वाळूवर नाचणारी उन्हाची जाळी आणि माशांचा थवा यांमुळे प्रत्येक चौकट (फ्रेम) आधीच्या चौकटीपेक्षा पुरती वेगळी असते. स्कूबा करताना गाइडच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओही बरेचदा असाच फोनवर मिळतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर कार्डावरून थेट उतरवून घ्या.

मूळ फाइल पाहताना चार गोष्टींकडे लक्ष द्या. पहिल्या मिनिटापासून धूसर आहे की दहा-पंधरा मिनिटांनी धूसर झालंय? जवळच्या वस्तू स्पष्ट आणि लांबच्या फिकट, की उलटं? मधला भाग आणि कोपरे यांत फरक आहे का? आणि स्थिर खडक ठीक दिसतो पण हलणारा मासा फासटतो, असं आहे का? या चार उत्तरांत निम्मं निदान होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी घरी एक चाचणी करा. वर्तमानपत्राचं एक पान, ज्यात मोठे मथळे आणि बारीक मजकूर दोन्ही आहेत, लॅमिनेट करून घ्या. दिवसा, भरपूर उजेडात, आधी हाउसिंगशिवाय (हाउसिंग म्हणजे कॅमेऱ्यावर घालायचं जलरोधक कवच) त्या पानाचा व्हिडिओ अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटरवरून घ्या. मग कॅमेरा हाउसिंगमध्ये घालून हवेतच पुन्हा घ्या. शेवटी जवळच्या तरणतलावात उथळ बाजूला पान भिंतीला टेकवून तेच करा; पाण्यात अर्ध्या मीटरवरचं थोडं धूसर येणारच, ते धरू नका. धूसरपणा पहिल्या पायरीला दिसला तर दोष लेन्सच्या फोकसमध्ये, दुसऱ्या पायरीला दिसला तर हाउसिंगच्या काचेत, आणि फक्त तिसऱ्या पायरीला दिसला तर पाणी, बाष्प किंवा काचेचा आकार यांत आहे. तिन्ही पायऱ्या पार झाल्या आणि तरी मालवणचा व्हिडिओ धूसर असेल तर प्रश्न समुद्राचा आणि अंतराचा आहे.

दुसऱ्या पायरीला अडकलेल्यांसाठी एक सूचना. हाउसिंगच्या काचेवर कारखान्यातली पातळ संरक्षक फिल्म अजून चिकटलेली नाही ना, ते नखाने पाहा. बाहेरून नसेल तर आतून पाहा. तीच सापडते अशी उदाहरणं भरपूर आहेत. त्याशिवाय सनस्क्रीन आणि खोबरेल तेलाचे ठसे. भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड पुरतं. ओरखड्यांबद्दल मात्र घाबरू नका. बाहेरच्या बाजूचे बारीक ओरखडे पाण्यात गेल्यावर बरेचसे दिसेनासे होतात, कारण पाणी त्यांत भरतं आणि ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, (१.४९) हवेपेक्षा पाण्याच्या (१.३३) कितीतरी जवळ आहे. आतल्या बाजूच्या ओरखड्यांना ही सवलत नाही, म्हणून आतून कधीही खसखसून पुसू नका.

हवेतच धूसर असेल तर: लेन्सचा फोकस

या किमतीच्या कॅमेऱ्यांत ऑटोफोकस नसतो. साधारण ३ मिलिमीटर फोकल लांबीची छोटी लेन्स आट्यांवर फिरवून कारखान्यात एकदा बसवतात आणि डिंकाच्या थेंबाने पक्की करतात. बसवताना हात जरा चुकला की तो कॅमेरा जन्मभर मऊ चित्र देतो. ही गोष्ट किती नाजूक आहे ते पाहा. अशा लेन्सचे आटे बहुधा अर्ध्या मिलिमीटरचे असतात, म्हणजे एका पूर्ण वळशात लेन्स अर्धा मिलिमीटर पुढे-मागे सरकते. अनंतावर असलेला फोकस एक मीटरवर आणायला लेन्स जेमतेम ०.००९ मिलिमीटर सरकावी लागते. वळशाच्या हिशेबात ते सहा-सात अंश होतात, घड्याळाच्या मिनिट काट्याच्या एका मिनिटाएवढे. एवढ्यात सगळा खेळ आहे.

वॉरंटी चालू असेल तर कॅमेरा बदलून मागा, उघडू नका. वॉरंटी संपली असेल आणि हात स्थिर असेल तर पुढचं वाचा. हे फक्त हाउसिंगमध्ये वापरायच्या कॅमेऱ्यासाठी आहे. जो कॅमेरा स्वतःच जलरोधक आहे तो उघडलात तर त्याचं सील गेलं म्हणून समजा.

पुढची पट्टी काढा. ती स्क्रूंवर किंवा दुहेरी चिकटपट्टीवर असते. लेन्सच्या कडेचा डिंक टोकदार सुईने हळूच खरवडा, कण आत पडू देऊ नका. कॅमेऱ्याला एचडीएमआय असेल तर केबलने टीव्हीला जोडा, म्हणजे फोकस बदलताना मोठ्या पडद्यावर दिसतो. छोट्या पडद्यावर डोळा फसतो. आता ते लॅमिनेट केलेलं पान कॅमेऱ्यापासून ७५ सेंटिमीटरवर ठेवा. पाऊण मीटरच का? सपाट काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर भासते. एक मीटरवरचा मासा लेन्सला ७५ सेंटिमीटरवर असल्यासारखा दिसतो, आणि आपल्याला मासा हवाय. लेन्स सुलट (घड्याळाच्या काट्यांच्या) दिशेने आत जाते आणि फोकस लांब जातो, उलट दिशेने बाहेर येते आणि फोकस जवळ येतो. केसाएवढं फिरवा, थांबा, पाहा. बारीक मजकूर सर्वांत टोकदार दिसला की आट्यांवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि वाळू द्या.

पाण्यात उतरताच धूसर असेल तर: काचेचा आकार

लेन्ससमोरची काच सपाट आहे की फुगीर, हा प्रश्न पाण्याखाली फार मोठा होतो. हवेत फुगीर काचेने काही बिघडत नाही. पाण्यात तीच काच स्वतः एक लेन्स बनते आणि लांबच्या दृश्याची प्रतिमा काचेपुढे थोड्याच अंतरावर उभी करते. काचेच्या वक्रतेची त्रिज्या २ सेंटिमीटर असेल तर अनंतावरचं दृश्यसुद्धा काचेपासून सुमारे ६ सेंटिमीटरवर भासतं. स्थिर फोकसच्या लेन्सला तेवढं जवळचं दिसतच नाही. गोप्रोच्या सुरुवातीच्या एचडी हीरो आणि हीरो २ या कॅमेऱ्यांच्या हाउसिंगला अशीच फुगीर काच होती आणि पाण्याखालचं चित्र धूसर येई. मग सपाट काचेचं डायव्ह हाउसिंग वेगळं विकावं लागलं आणि पुढच्या मॉडेलांत काच सपाटच झाली.

हाउसिंगशिवाय पाण्यात चालणारा कॅमेरा असेल आणि त्याची बाहेरची काच फुगीर असेल तर हाच दोष येतो. त्याला सपाट काचेचं हाउसिंग घालणं हा इलाज. अर्धं पाणी अर्धं आकाश दाखवणारा मोठा घुमट मिळतो, त्याचा व्यास साधारण ६ इंच असल्याने प्रतिमा पुरेशी लांब पडते आणि काम निभतं. छोट्या घुमटांच्या नादी लागू नका.

सपाट काचेचीही किंमत मोजावी लागते. दृश्याचा कोन आक्रसतो: हवेत १२० अंश दिसत असतील तर पाण्यात साधारण ८१ अंश. कोपऱ्यांत रंगीत झालर आणि थोडा मऊपणा येतो. तो दोष काचेचा, कॅमेऱ्याचा नाही. विषय मधोमध ठेवा.

सुरुवातीला स्वच्छ, मग दुधाळ: बाष्प

आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त व्हिडिओ यानेच वाया जातात. ओळख सोपी आहे. पहिली काही मिनिटं चांगली, मग चित्राच्या मध्यावर पांढुरका ढग, उजेडाभोवती वलय, आणि शेवटी सगळंच दुधात बुडालेलं. पाण्यातून काढून पाहिलं तर काचेच्या आतल्या बाजूला बारीक दव दिसतं.

कारण हाउसिंग बंद करतानाच्या हवेत आहे. किनाऱ्यावर ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तुम्ही हाउसिंग बंद केलंत तर आतल्या हवेचा दवबिंदू २७ अंश असतो. काच त्याहून थंड झाली की आत दव धरणार. थंडीच्या दिवसांत समुद्राचं पाणी साधारण याच आसपास असतं, म्हणजे तुम्ही सीमेवरच उभे आहात. पुण्यात डिसेंबरमध्ये तरणतलावाचं किंवा विहिरीचं पाणी याहून बरंच थंड असतं, अशा दमट हवेत बंद केलेलं हाउसिंग तिथे उतरवलंत तर दव हमखास.

त्यात होडीत बसून ओल्या हाताने बॅटरी बदलली की संपलंच. हिशेब करून पाहा. हाउसिंगच्या आत कॅमेऱ्याभोवती जास्तीत जास्त शंभर मिलिलिटर हवा असते. ३२ अंशांना एवढी हवा बाष्पाने पूर्ण भरायला साडेतीन मिलिग्रॅमदेखील पाणी लागत नाही. बोटावरून ओघळलेला एक थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो. कॅमेरा चालू झाला की तापतो, थेंबाची वाफ होते, आणि समोरची काच समुद्राने थंड ठेवलेली. आत जाऊन बसलेल्या त्या एका थेंबापुढे कुठलीच युक्ती चालत नाही.

म्हणून हाउसिंग बंद करायचं ते खोलीवर. एसी खोली असेल तर कॅमेरा आणि उघडं हाउसिंग दोन्ही अर्धा तास तिथे ठेवा, मग बंद करा. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १३ अंशांवर येतो. कोकणातला समुद्र कधीही इतका थंड होत नाही. ही एक सवय लावलीत तर बाकीचे उपाय पूरक ठरतात. एसी नसेल तर आदल्या रात्री कॅमेरा, बॅटरी, उघडं हाउसिंग आणि सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सकाळी कोरड्या हातांनी, पंख्याच्या वाऱ्यात झटकन बंद करा. निळं सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर ते ओलावा पिऊन तृप्त झालंय. मंद आचेवर तापवून पुन्हा निळं करता येतं, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. हाउसिंगमध्ये सरकवायच्या बारीक अँटीफॉग पट्ट्या मिळतात. त्या चालतात, वाळवून पुन्हा वापरता येतात, फक्त ओ-रिंगच्या (झाकणाच्या रबरी कडीच्या) वाटेत येणार नाहीत अशा बसवा. पट्टीचा कोपरा ओ-रिंगखाली अडकला तर बाष्पाची चिंताच उरत नाही, सरळ पाणी आत येतं.

एकदा बंद केलेलं हाउसिंग दिवसभर उघडायचं नाही. त्यासाठी बॅटरी पूर्ण चार्ज, कार्ड रिकामं, आणि वाय-फाय बंद. वाय-फायने कॅमेरा विनाकारण तापतो. पडदा एका मिनिटाने बंद होईल असं सेटिंग करा. होडीत कॅमेरा उन्हात ठेवू नका, टॉवेलखाली ठेवा.

निघण्याआधी खात्री हवी असेल तर बंद हाउसिंग, आत कॅमेरा चालू, माठातल्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. माठाचं पाणी समुद्रापेक्षा थंडच असतं. तिथे काच स्वच्छ राहिली तर समुद्रात राहणारच. या चाचणीआधी रिकामं हाउसिंग आत कागदी रुमाल घालून एकदा बुडवा, गळती असेल तर कागद सांगेल.

मऊ, रंगवल्यासारखं चित्र: उजेड आणि सेटिंग

कडा आहेत पण पोत नाही, खडकावरचं बारीकसारीक जणू बोटाने पुसलंय असं दिसत असेल तर फोकस ठीक आहे, उजेड कमी पडतोय. छोट्या सेन्सरचा कॅमेरा अंधुक पाण्यात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवतो, दाणे दिसू लागतात, आणि ते लपवण्यासाठी आतलं सॉफ्टवेअर दाण्यांबरोबर तपशीलही पुसतं. शटरही मंद होतं, मग पोहणारा मासा फासटतो.

पहिला बदल: ४के सोडा. पूर्ण ४के चित्राला सुमारे ८३ लाख पिक्सेल लागतात. खोक्यावर ४के लिहिलेल्या अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सर त्याहून लहान असतो आणि चित्र नुसतं ताणून मोठं केलेलं असतं. १०८०पी आणि सेकंदाला ६० चौकटी निवडा. ६० चौकटींत शटर १/६० सेकंदापेक्षा मंद होऊच शकत नाही, म्हणून फासटणं आपोआप कमी होतं. चित्राची प्रत निवडायची सोय असेल तर सर्वांत वरची घ्या. आयएसओची कमाल मर्यादा ४०० ठेवा, फार अंधुक असेल तर ८००. शार्पनेस मध्यम किंवा त्याखाली, कारण वाढवलेला शार्पनेस पाण्यातल्या कणांना आधी उठाव देतो. एक्स्पोजर थोडं खाली, उणे ०.३, म्हणजे वरून येणारं ऊन फटफटीत होत नाही.

इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण पाण्यात बंद ठेवा. ते चौकटीच्या कडा कापतं, आणि मंद शटरमुळे फासटलेली चौकट जागेवर खिळवून ठेवल्यावर चित्र मधूनमधून धूसर होऊन पुन्हा उघडल्यासारखं दिसतं. पाणी हाताला तसंही सावरतं. तरंगणारा दांडा दोन्ही हातांनी धरा, कोपर अंगाला लावा, आणि कॅमेरा वळवायचा असेल तर मनगट न वळवता सगळं शरीर हळूहळू वळवा.

लाल फिल्टरबद्दल विचारणारे बरेच असतात. लाल रंग पाण्यात पहिल्या पाच मीटरांतच बहुतांशी शोषला जातो, हे खरं. पण फिल्टर लाल रंग आणून देत नाही, तो बाकीचे रंग अडवतो, म्हणजे आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी. अंदमान-लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात, भर उन्हात, पाच-दहा मीटरवर तो उपयोगी आहे. मालवणच्या हिरवट पाण्यात उथळ स्नॉर्केलिंगला लावलात तर रंगही बिघडतील आणि चित्रही मऊ होईल. काढून ठेवा. मेनूमधला 'डायव्हिंग मोड' हा याचाच सॉफ्टवेअर भाऊ, तो चित्रातला लाल रंग ताणून दाणे वाढवतो.

जवळचं बरं, लांबचं फिकट: समुद्र आणि अंतर

आता मुख्य गोष्ट. वरच्या सगळ्या पायऱ्या पार केलेल्या कॅमेऱ्यालाही मालवणात अंतराची एक पट्टी आखून घ्यावी लागते. जवळची सीमा लेन्स ठरवते. स्थिर फोकसची लेन्स हवेत साधारण ४५-५० सेंटिमीटरपासून पुढे स्पष्ट दाखवते, पाण्यात ती सीमा ६०-६५ सेंटिमीटरवर जाते. मासा अगदी काचेला येऊन नाक लावतो तेव्हा तो धूसर येतो, तो यामुळे. लांबची सीमा समुद्र ठरवतो. पाण्यातले कण उजेड विखुरतात आणि प्रत्येक वाढत्या हातागणिक उठाव (कॉन्ट्रास्ट) झपाट्याने घटतो. डोळ्यांना जिथवर दिसतं त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आतलं व्हिडिओत टोकदार येतं, असा ढोबळ हिशेब धरा. पाच मीटर दिसत असेल तर एक मीटर. पाणी फार चांगलं असेल तर दीड.

म्हणजे कामाची पट्टी साठ सेंटिमीटर ते एक-दीड मीटर एवढीच आहे. या पट्टीत काढलेला व्हिडिओ स्वस्त कॅमेऱ्यातही सुंदर येतो, आणि तिच्या बाहेर महागड्या कॅमेऱ्यातही फिकाच येतो. लांबचा थवा झूम करून आणू नका, 'नॅरो' कोनही नको. मोठा कोन ठेवून विषयाजवळ जा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे माणसाला फारसे घाबरत नाहीत, तुम्ही स्थिर राहिलात तर तेच या पट्टीत येतात. स्कूबात गाइड कॅमेरा धरणार असेल तर पाण्यात उतरण्याआधी त्याला सांगा, "दादा, कॅमेरा तोंडाजवळ नको, हातभर लांबूनच घ्या, त्याहून लांब जाऊ नका." पाण्यात बोलता येत नाही, म्हणून हे होडीतच ठरवायचं.

समुद्राची लांबची सीमा थोडी ढकलता येते, ती वेळ निवडून. देवबागच्या संगमावर कर्ली नदी समुद्राला मिळते, आणि ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ जोराची असते आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओढ कमी, पाणी निवळ. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीचा आकडा पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट, सव्वाआठ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी. ठोकताळा तो ठोकताळाच, पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्या.

आता यात उन्हाची वेळ मिसळा. सूर्य वर आला की, साधारण साडेनऊनंतर, उजेड पाण्यात खोल उतरतो. दुपारी वारा उठतो आणि लाटा वाळू ढवळतात. म्हणून साडेनऊ ते बारा ही वेळ उत्तम. अष्टमीला भरती पहाटे-सकाळी सहाला पुरी होते आणि साडेनऊला पाणी ओसरत असतं, तरी भांगामुळे फारसं बिघडत नाही. माझी पसंती दशमी-एकादशीला. भरती साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान पुरी झालेली, उधाण अजून लागलेलं नाही, आणि पाण्यात उतरेपर्यंत ऊन चढलेलं. महिन्यांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात पावसाळी नद्यांचा गाळ पुरता बसलेला नसतो.

पाण्यात गेल्यावर तळाशी उभं राहू नका, पायांतल्या पंखांनी (फिन्सनी) वाळू उडवू नका. एकदा उठलेला गाळ बराच वेळ बसत नाही आणि तुमच्यामागून येणाऱ्याचाही व्हिडिओ जातो. काही होड्यांवर मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकतात. त्याचा चुरा चौकटीभर पांढरे ठिपके होऊन तरंगतो, आणि माशांनाही ते अन्न चांगलं नाही. मालवणचा हा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नम्रपणे नको म्हणा, आणि प्रवाळावर हात किंवा पाय टेकवू नका, कितीही चांगली चौकट मिळत असली तरी. सूर्य पाठीमागे ठेवा, समोरून घेतलात तर प्रत्येक कण चमकतो. कॅमेऱ्यावरच बसवलेला टॉर्चही हेच करतो, दिवसा तो बंदच ठेवा.

उतरल्यावर लगेच काचेवर बाहेरून बारीक बुडबुडे चिकटतात. बोट फिरवून पुसा, मगच रेकॉर्डिंग सुरू करा. पाण्याबाहेर डोकावून पुन्हा आत गेलात तर पुन्हा पुसा.

साठ सेंटिमीटरच्या आतलं, म्हणजे समुद्री काकडी, शंख, खेकडा असं काही हवं असेल तर हाउसिंगवर बाहेरून लागणारी क्लोज-अप लेन्स घ्यावी लागते. ती लावली की लांबचं सगळं धूसर होतं, म्हणून पाण्यात काढता-लावता येईल अशी, दोरीने बांधलेली घ्या.

घरी आल्यावर

संपादनात आधी उठाव वाढवा, काळा रंग थोडा खाली ओढा, 'डीहेझ' (धुरकटपणा कमी करणारी सोय) असेल तर हलक्या हाताने वापरा. शार्पनेस सर्वांत शेवटी आणि अगदी थोडा. चुकलेला फोकस किंवा फासटलेला मासा संपादनाने परत येत नाही, फिका पडलेला उठाव मात्र बराचसा येतो.

इतकं करूनही चित्र मऊच राहिलं तर नवं काही घ्यायचा विचार करा, पण आधी फक्त हाउसिंगचा. जुन्या हाउसिंगची काच ऊन आणि खाऱ्या पाण्याने अंधुक झालेली असू शकते आणि ते वेगळं, स्वस्तात मिळतं. मागवताना मॉडेलचा नेमका क्रमांक द्या. एकाच मालिकेतल्या दोन मॉडेलांची लेन्स काही मिलिमीटर इकडेतिकडे असते, आणि मग काच लेन्ससमोर नीट येत नाही. कॅमेराच घ्यायचा असेल तर ४केच्या ठशाऐवजी तीन गोष्टी विचारा: आयएसओ आणि शटर हाताने ठरवता येतं का, १०८०पीला ६० चौकटी मिळतात का, आणि हाउसिंगची काच सपाट आहे का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर सात हजारांचा कॅमेरा मालवणला पुरतो.